चांदण्यात फोटो काढायचा, तर चंद्र कोणत्या अंगाला?

चैत्री पौर्णिमेला चार दिवस राहिले होते तेव्हा थोरल्या बंधूंचा निरोप आला, “विहिरीवरच्या खोबऱ्यावर तांबडा आकडा पडलाय. रस्ता रुंद होतोय. आईचं म्हणणं आहे, जायच्या आधी त्याचा चांदण्यातला फोटो काढ.”

खोबऱ्या म्हणजे आमचा आंबा. आजोबांच्याही आधीचा. फळ खोबऱ्यासारखे घट्ट, म्हणून हे नाव. उन्हाळ्यात सगळे घर त्याच्या पाराखाली झोपायचे. त्यामुळे आम्हा भावंडांना तो जेवढा दिवसा ठाऊक, तेवढाच रात्री. आईने चांदण्यातला फोटो का मागितला, हे मला विचारावे लागले नाही.

मी तालुक्याच्या गावी वीस वर्षे फोटोचा धंदा केलेला माणूस. लग्ने, बारशी, शेतीच्या कर्जाला लागणारे फोटो, सगळे केले. पण चांदण्यात फोटो काढायचा म्हणजे निराळेच काम, हे त्या दोन रात्रींत कळले. तोच अनुभव वाचकांपुढे ठेवतो. आता घरोघरी मोबाईल आहेत, त्यामुळे हा खटाटोप कोणालाही करता येईल.

पहिल्यांदा उजेडाचा हिशेब. भर पौर्णिमेचे चांदणे आपल्याला लख्ख वाटते, पण ऊन त्याच्या सुमारे चार लाख पट प्रखर असते. म्हणून कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो. दिवसा जिथे सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो, तिथे चांदण्यात आठ-दहा सेकंद लागतात. एवढा वेळ हातात धरून कॅमेरा स्थिर राहत नाही. तिपाई नसेल तर अर्धे भरलेले ज्वारीचे पोते घ्या, त्यावर खळगा करून कॅमेरा नाहीतर मोबाईल रोवा, आणि बटण दाबताना धक्का बसू नये म्हणून टायमर लावा. मोबाईलमध्ये रात्रीच्या फोटोसाठी ‘नाईट मोड’ असतो, तो हेच काम करतो. फ्लॅश मात्र बंद ठेवावा. तो चार-सहा पावलांपलीकडे पोहोचत नाही आणि जवळचे गवत तेवढे पांढरेफटक करतो.

हे सगळे मला माहीत होते. चुकलो ते उभे राहण्याच्या जागेत.

चतुर्दशीला रात्री आठ वाजता मी आंब्याच्या पश्चिमेला उभा राहिलो. चंद्र पूर्वेकडून कासराभर वर आला होता आणि फांद्यांतून डोकावत होता. असे दृश्य दिसल्यावर कोणाचाही हात शिवशिवेल. मी फोटो घेतला. झाड झाले काळेकुट्ट, चंद्राच्या जागी पांढरा डाग. दादांनी पाहिले आणि म्हणाले, “चांगला आहे रे. पण हा कुठलाही आंबा आहे.”

खरेच होते. चंद्र समोर ठेवला की आपल्याकडे येते ती वस्तूची अंधारातली बाजू. बाहेरची आकृती तेवढी उमटते. खोबऱ्याच्या खोडावरची गाठ, पाराचे दगड, विहिरीचा काठ, यातले काही राहिले नव्हते. शिवाय चंद्र म्हणजे उन्हात पडलेला दगडच. त्याच्यावर ऊन, आपल्या जमिनीवर चांदणे. जमीन दिसेल एवढा वेळ कॅमेरा उघडा ठेवला की चंद्र जळून निघणारच. चंद्रावरचा ससा आणि पाराचे दगड एकाच फोटोत येत नाहीत.

याचा अर्थ चंद्रासमोर उभे राहूच नये असा मात्र नाही. ज्यातून उजेड आरपार जातो किंवा ज्यावर तो चमकतो, त्यासाठी तीच जागा खरी. उसाला तुरे आले असतील, तर चंद्र त्यांच्या मागे ठेवा, एकेक तुरा पेटल्यासारखा दिसतो. पाण्याचेही तसेच. पाटाचे पाणी चंद्राकडे तोंड करून पाहिले तर चांदीची पट्टी दिसते, आणि चंद्र पाठीशी घेऊन पाहिले तर तेच पाणी काळे. चुलीचा धूर, पहाटेचे धुके यांनाही समोरचा चंद्र मानवतो. आंब्याच्या खोडाला मानवत नाही, एवढेच.

इथे एक आडवाट घेतो, कारण चतुर्दशीची संध्याकाळ मी वाया घालवली होती. अमेरिकेत ॲन्सेल ॲडम्स नावाचे मोठे छायाचित्रकार होऊन गेले. १९४१ साली न्यू मेक्सिको प्रांतातल्या हर्नांडेझ या खेड्याजवळून ते मोटारीने चालले होते. वाटेत त्यांना खेड्यावर उगवलेला चंद्र दिसला. उजेड मोजायचे यंत्र घाईत सापडेना, तेव्हा चंद्राची चमक किती असते हे पाठ होते त्यावरून त्यांनी हिशेब केला आणि एक फोटो घेतला. दुसरा घेण्याआधीच खालचा उजेड गेला. तो फोटो जगभर गाजला. वर काळे आभाळ, त्यात चंद्र, खाली स्मशानभूमीतले पांढरे क्रूस चमकताहेत. पाहणाऱ्याला वाटते की चांदणेच पडले आहे. पण ते क्रूस उजळले होते मावळत्या सूर्याने! ॲडम्स पूर्वेकडे तोंड करून उभे होते, सूर्य पाठीशी होता, आणि छापताना त्यांनी आभाळ अधिकाधिक काळे केले. फोटोची तारीख त्यांनाच आठवत नव्हती. पुढे चंद्राच्या जागेवरून गणित मांडून ती १ नोव्हेंबर १९४१ अशी ठरवण्यात आली. त्या दिवशी पौर्णिमा अजून व्हायची होती.

यातून आपल्या उपयोगाची गोष्ट अशी. चंद्र आणि जमीन दोन्ही नीट हवी असतील, तर पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी जा. त्या दिवशी चंद्र साधारण तासभर आधी उगवतो. जमिनीवर अजून सांजेचा उजेड असतो आणि दोघांचे जमते. पंचांग घरात असलेल्या शेतकऱ्याला हे वेगळे शिकवायला नको. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो हे आपण संकष्टीच्या उपासाला पोटाने मोजलेलेच असते. आणि अष्टमीला चंद्र अर्धा दिसला तरी उजेड अर्धा नसतो, पौर्णिमेच्या जेमतेम दहावा हिस्सा असतो. त्या रात्री हे उद्योग करू नयेत.

दुसरी रात्र पौर्णिमेची. पहिल्या फोटोत चंद्र समोर घेऊन फसलो, म्हणून आता पाठीशी घ्यायचा ठरवले. आंब्याच्या दक्षिणेला, उत्तरेकडे तोंड करून पोते रोवले. त्या आठवड्यात वीज रात्रीची होती, मोटार चालू होती. दादांनी मोटारखोलीवरचा दिवा तेवढा मालवला. (हा दिवा विसरू नका. एक पिवळा बल्ब साऱ्या शिवारातले चांदणे खाऊन टाकतो.) साडेबाराला चंद्र डोक्याकडे चढून माझ्या पाठीशी आला. फोटो घेतला, दादांना दाखवला. ते म्हणाले, “ही तर दुपार आहे.”

पुन्हा खरे! चांदण्यात आपल्या डोळ्यांना रंग जवळजवळ दिसत नाहीत, कॅमेऱ्याला दिसतात. पाने हिरवी, आभाळ निळे. चांदणे म्हणजे अखेर परतून आलेले ऊनच. त्यात उजेड पाठीकडून सरळ पडला की सावल्या वस्तूंच्या मागे लपतात आणि सारे भिंतीवर लिंपल्यासारखे सपाट दिसते. वर चंद्र उंच असल्याने झाडाच्या घेराची सावली बुंध्याभोवतीच पडली होती. पानांचा शेंडा उजळ, आणि जिथे आम्ही निजायचो त्या पारावर मात्र काळोखाचे डबके. वाऱ्याने पानेही हलून पुसट झाली होती.

मी पोते उचलणार तेवढ्यात दादा म्हणाले, “तू का हलतोस? चंद्र हलतोय की.”

आयुष्यभर रात्रीचे पाणी दिलेल्या माणसाचे ते बोलणे. आम्ही पोते तसेच ठेवून पारावर आडवे झालो. पावणेचारला उठलो तेव्हा चंद्र पश्चिमेला कलला होता, म्हणजे माझ्या डाव्या हाताला. तीच जागा, तेच झाड, पण निराळेच दिसत होते. उजेड फांद्यांच्या खालून तिरपा आत शिरला होता. खोडाची डावी बाजू उजळ, उजवी अंधारी, मधल्या गाठीला उठाव आलेला. झाडाची सावली झाडाहून थोडी लांब होऊन विहिरीकडे पसरली होती. वारा पडला होता.

अशा वेळी चौकटीत काय घ्यावे, हाही विचार करावा लागतो. चांदण्यात काळी जमीन उजेड पिऊन टाकते. चुन्याची भिंत, पांढरी पाऊलवाट, ज्वारीचे धसकट, पाणी अशी एखादी फिकी वस्तू खालच्या भागात नसेल, तर अर्धा फोटो वाया जातो. आमच्या पाराच्या दगडांना गेल्या वर्षीचा चुना होता. मी कॅमेरा थोडा खाली झुकवला. आभाळ कमी केले, पार आणि सावली पुरी घेतली. चंद्र चौकटीत घेतलाच नाही. तसाही तो साध्या भिंगातून ज्वारीच्या दाण्याएवढाच येतो. तो मोठा हवा असेल तर वस्तूपासून लांब जावे आणि दूरचे ओढणारे भिंग लावावे. पाच फुटांचा कळस सुमारे पावणेसहाशे फुटांवरून बरोबर चंद्राएवढा दिसतो. हौस असेल त्यांनी आपल्या गावच्या देवळावर मोजून पाहावे.

तेवढ्यात आई आली. ऐंशीच्या पुढची, काठी टेकत, अंगावर पांढरी चादर. आम्ही उठल्याची चाहूल तिला लागली होती. तिला पाराच्या डाव्या कडेला, चांदणे पडले होते तिथे बसवले. “आई, आठ सेकंद हलायचे नाही.”

“आठ म्हणजे किती?”

“आठ वेळा रामाचे नाव घे, सावकाश.”

ती बसली. देवळात बसते तशी. कॅमेऱ्याचे भिंग पुरे उघडले होते, आयएसओ आठशे. आठ सेकंद झाले, खट् आवाज आला, तरी ती तशीच. शेवटी दादांनी हाक मारली तेव्हा म्हणाली, “माझं आठवं नाव व्हायचंय.”

छापून घेताना तो फोटो मी मुद्दाम थोडा गडद ठेवला. उजळ केला असता तर पुन्हा दुपारच झाली असती. तीन आठवड्यांनी झाड गेले. तोडायला दीड दिवस लागला. मोबदल्याचा कागद अजून फिरतो आहे.

फोटो घरी नेऊन दिला तेव्हा आई स्वतःकडे पाहीनाच. बराच वेळ तिचे बोट जमिनीवरच्या सावलीवरून फिरत होते. वर पानांच्या दाटीत जी आडवी फांदी ओळखू येत नव्हती, ती खाली सावलीत स्वच्छ उमटली होती. तिथे बोट थांबवून ती दादांना म्हणाली, “ही बघ. हिलाच तुझी झोळी होती.”