हृदयस्नायूचा आनुवंशिक विकार : निदान एकाचे, तपासणी कुटुंबाची

धडधाकट तरुण खेळताना अचानक कोसळतो आणि ‘हृदयविकाराचा झटका आला’ एवढ्यावर चर्चा थांबते. मात्र अशा काही मृत्यूंमागे रक्तवाहिनीतील अडथळा नसून हृदयस्नायूचाच आनुवंशिक दोष असतो. कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फो २६ जून २००३ रोजी फ्रान्समध्ये सामन्यादरम्यान कोसळला. शवविच्छेदनात त्याला ‘हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी’ असल्याचे आढळले.

सुमारे ५०० जणांपैकी एकाला होणाऱ्या या विकारात हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत उच्च रक्तदाबासारखे कारण नसताना जाड होते. प्रौढात १५ मिलिमीटर किंवा अधिक जाडी ही निदानाची खूण मानली जाते. स्नायूतंतूंची मांडणी विस्कटल्याने विद्युतलहरी भरकटतात, कप्पा नुसता थरथरू लागतो आणि रक्ताभिसरण थांबते.

हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ संस्थेतील संशोधकांचा सहभाग असलेल्या २००९ मधील अभ्यासात हृदयस्नायूच्या एका प्रथिनाच्या जनुकातील दोष भारतीय उपखंडातील सुमारे ४ टक्के लोकांत आढळला. याचा अर्थ या सर्वांना अचानक मृत्यूचा धोका आहे, असा मुळीच नाही. अनेक वाहकांत तरुणपणी लक्षणेही नसतात.

रुग्णाच्या प्रत्येक अपत्याकडे सदोष जनुक जाण्याची शक्यता साधारणतः ५० टक्के असते. म्हणून आईवडील, भावंडे व मुले यांचा ईसीजी आणि इकोकार्डिओग्राफी आवश्यक ठरते. पोहता येत असूनही बुडालेले आजोबा, ऐन तारुण्यात झोपेतच गेलेले काका, अशा घरात क्वचितच उच्चारल्या जाणाऱ्या घटना डॉक्टरांना आवर्जून सांगाव्यात.

औषधांनी धाप व धडधड कमी होते. अचानक मृत्यू टाळण्यासाठी मात्र केवळ त्यांवर विसंबता येत नाही. हृदय बंद पडून वाचलेल्यांना ‘आयसीडी’ हे घातक लय ओळखून विद्युतधक्का देणारे उपकरण बसवतात. अकारण बेशुद्धी, जवळच्या नातेवाइकाचा अचानक मृत्यू, ३० मिलिमीटरपर्यंत पोहोचलेली जाडी किंवा होल्टर तपासणीत आढळलेले वेगवान ठोके असल्यासही त्याचा विचार होतो. उपकरण सरसकट सर्वांना दिले जात नाही, कारण त्यातून अनावश्यक धक्केही बसू शकतात.

रुग्णातील नेमका जनुकदोष सापडल्यास नातेवाइकांत तेवढाच तपासता येतो. तो नसलेल्यांची वारंवार तपासणीतून सुटका होते. इतरांसाठी एक सामान्य अहवाल पुरेसा नाही. भिंतीची जाडी पौगंडावस्थेत किंवा नंतरही वाढू शकते. त्यामुळे मुलांची दर एक-दोन वर्षांनी, तर प्रौढांची तीन ते पाच वर्षांनी फेरतपासणी केली जाते.