म्हातारबांना पळवा... पण जपून!

तुमच्याही घरी असा एक पीसी असेल ना? कीबोर्डवरची अक्षरं पुसलेली, फॅनची घरघर चालू, आणि ऑन करून चहा ठेवला तर चहा उकळेपर्यंत स्क्रीनवर काही येण्याचं नाव नाही. आमच्याकडे आहे. २००८ मध्ये दादाच्या इंजिनीअरिंगसाठी बाबांनी घेतलेला. आत इंटेलचा कोअर टू क्वाड क्यू ६६००, त्या काळातला एकदम हिरो प्रोसेसर! पुढे दादा नोकरीसाठी बंगळुरूला गेला, माझ्याकडे लॅपटॉप आला आणि पीसी आईचा झाला. आई डबे करते. कुणाचे किती डबे, कुणाची किती बाकी, सगळा हिशेब त्यातच.

एका शनिवारी मला सुरसुरी आली. ओव्हरक्लॉकिंग करायचं! २.४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर एका झटक्यात ३.४ वर नेला. पीसी सुरू झाला, मी खूश. रविवारी रात्री आईची फाइल उघडेना. दोन महिन्यांचा हिशेब साफ! फोनवर दादाने एकच प्रश्न विचारला, ''बॅकअप घेतला होतास का गं?'' नव्हता. पुढचे चार दिवस आई एकेका गिऱ्हाइकाला फोन करून वही भरत होती. ती मला काहीच बोलली नाही, तेच जास्त लागलं.

तर मंडळी, हा लेख म्हणजे त्या चार दिवसांत शिकलेला धडा. ओव्हरक्लॉकिंग वाईट नाही, घाई वाईट!

फंडा काय आहे?

प्रोसेसरचा स्पीड म्हणजे साधा गुणाकार. बोर्डाचा मूळ क्लॉक गुणिले मल्टिप्लायर. २००७ मध्ये आलेल्या क्यू ६६०० मध्ये २६६ मेगाहर्ट्झ गुणिले ९, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ. मल्टिप्लायर ९ च्या वर जात नाही, म्हणून मूळ क्लॉक वाढवायचा. ३३३ केला की झाले ३ गिगाहर्ट्झ. १९९८ च्या सेलेरॉन ३००ए ने याच युक्तीने धमाल उडवली होती. ६६ चा क्लॉक १०० केला की ३०० मेगाहर्ट्झची चिप ४५० वर पळायची.

हे जमतं कारण कंपनी प्रत्येक चिपमध्ये थोडी जागा राखून ठेवते. पण प्रत्येक चिप वेगळी. मित्राचा पीसी ३.४ वर चालतो म्हणून तुमचाही चालेलच, असं नाही.

तुमच्याकडे २०११ चा आय५ २५००के असेल तर काम सोपं. त्याचा मल्टिप्लायरच वाढवता येतो. मात्र बोर्ड पी६७ किंवा झेड६८ चा हवा, एच६१ वर ते होत नाही. ऑफिसातून आलेल्या ब्रँडेड पीसीच्या बायॉसमध्ये तर बहुतेक वेळा ही सेटिंग्ज नसतातच.

खरा व्हिलन: उष्णता

स्पीड वाढला की उष्णता त्याच प्रमाणात वाढते. व्होल्टेज वाढवलं की मात्र वर्गाच्या प्रमाणात! स्पीड २५ टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढवा, उष्णता जवळजवळ दीडपट होते. वर आपला मे महिना आहेच. म्हणून आधी कॅबिनेट उघडून धूळ काढा. वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावा आणि शक्यतो मोठा कूलर बसवा. बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेले असतील किंवा एसएमपीएस स्वस्तातला लोकल असेल, तर इथेच थांबा.

स्टेप बाय स्टेप

• पहिलं काम बॅकअप. कॉपी पेनड्राइव्हवर घ्या आणि पेनड्राइव्ह काढून ठेवा. टेस्ट पूर्ण होईपर्यंत कामाची फाइल उघडायची नाही.

• बायॉसमधल्या मूळ सेटिंग्जचे फोटो काढा. व्होल्टेज 'ऑटो'वर सोडू नका, बोर्ड ते खुशाल वाढवून ठेवतं. सीपीयू-झेडमध्ये दिसणारा मूळ आकडा हाताने भरा. पीसीआय एक्स्प्रेस १०० वर लॉक करा.

• क्लॉकबरोबर रॅमही पळू लागते, म्हणून तिचा रेशो कमी करा. आमची डीडीआर२ ८०० रॅम ३३३ च्या क्लॉकवर ६६७ नेच चालते.

• क्लॉक १०-१० ने वाढवा. प्रत्येक वेळी प्राइम९५ वीस मिनिटं चालवा आणि कोअर टेम्पवर नजर ठेवा.

• तापमान ७० अंशांच्या वर गेलं की थांबा. एरर आली तर एक पायरी मागे या. व्होल्टेज वाढवायचंच तर अगदी थोडं, आणि साध्या एअर कूलरवर १.४ च्या पुढे नाहीच.

• शेवटी मेमटेस्ट८६ आणि रात्रभर प्राइम९५. पास झालात तरी एक पायरी खालीच राहा.

• पीसी सुरूच होत नाही? टेन्शन नको. प्लग काढा, बोर्डावरचा बटन सेल काही मिनिटं काढून परत लावा. सेटिंग्ज मूळ जागी येतात.

पण गरज आहे का?

प्रामाणिक उत्तर? सगळ्यांना नाही. पीसी सुरू व्हायला वेळ लागतो तो बहुतेक वेळा जुन्या हार्ड डिस्कमुळे. तिथे एसएसडी लावला की ओव्हरक्लॉकिंगपेक्षा मोठा फरक दिसतो. प्रोसेसरचा वाढलेला स्पीड कामी येतो तो व्हिडिओ कन्व्हर्ट करताना किंवा जुने गेम खेळताना. आणि विंडोज ११ च्या यादीत हे प्रोसेसर नाहीत, कितीही पळवले तरी! विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा नेटवर वापरायचा असेल तर लिनक्सचा विचार करा.

आमचा पीसी आता ३ गिगाहर्ट्झवर आहे. आधी एसएसडी लावला, मग दोन वीकेंड घेऊन सावकाश क्लॉक वाढवला. ३.२ ही बहुधा जमलं असतं, पण गेले नाही. दर रविवारी हिशेबाची कॉपी पेनड्राइव्हवर जाते. परवा चहा उकळायच्या आधीच स्क्रीन आली तेव्हा आई म्हणाली, ''छान झालंय. आता परत हात लावू नकोस हं!''

नाही लावणार, आई. प्रॉमिस!