बोटांच्या कंडरांची जोडणी

बोट मिटविणारे मुख्य स्नायू बोटात नसून कोपराखालच्या हातात असतात. त्यांची ओढ कंडरा नावाच्या चिवट दोरीतून बोटास मिळते. ती तुटल्यास बोट मिटत नाही. मग शस्त्रवैद्य दोन्ही टोके शोधून टाक्यांनी सांधतात.

खरी कसोटी पुढेच असते. बोटाच्या बुडापासून मधल्या पेरापर्यंत दोन कंडरा एकाच अरुंद आवरणातून सरकतात. बोट निश्चल ठेवावे, तर त्या आवरणाला चिकटतात. जोर द्यावा, तर टाके तुटतात. म्हणून येथील तात्काळ जोडणी पूर्वी बहुधा टाळीत.

1967 साली अमेरिकेतील हॅरॉल्ड क्लायनर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी रबरपट्टीच्या साहाय्याने बोटास लवकर हालचाल देऊन अशी जोडणी साधते, हे दाखविले. आज थोड्याच दिवसांत, आधारपट्टीत, बेताची हालचाल सुरू करतात. जड काम मात्र सुमारे 12 आठवडे वर्ज्य असते.