एक गोळी, एक कॅप्सूल

पांढरकवड्याच्या सरकारी दवाखान्यातून सिकलसेलचं मूल घरी निघतं तेव्हा आईच्या पिशवीत बहुतेक वेळा दोन औषधं असतात. एक फॉलिक ॲसिडची बारीकशी गोळी, दुसरी हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या भागातल्या कोलामांच्या पोडांवर आणि गोंड-परधानांच्या वस्त्यांवर हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. दोन्ही औषधं जुनी आणि स्वस्त. पण ती या पिशवीपर्यंत कोणत्या वाटेनं आली हे शोधायला लागलं की थक्क व्हायला होतं. दोन्ही वाटा रक्ताच्या कर्करोगाच्या वॉर्डातून जातात, आणि त्यातली एक तर निघते मुंबईच्या परळमधून.

आधी आजार समजून घेऊ. आपल्या एका लाल पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि शरीरभर पोचवायचा, हे त्यांचं काम. हे हिमोग्लोबिन कसं घडवायचं याची सूचना आपल्या जनुकांत लिहिलेली असते. तीन अब्ज अक्षरांच्या त्या संहितेत फक्त एका अक्षराची अदलाबदल होते, ‘ए’च्या जागी ‘टी’ येतो. त्यामुळे हिमोग्लोबिनच्या साखळीतला सहावा दुवा बदलतो, ग्लुटामिक ॲसिडच्या ठिकाणी व्हॅलिन बसतं. एवढंच. पण प्राणवायू देऊन रिकामे झालेले असे रेणू एकमेकांना चिकटू लागतात, आणि कापसाचे तंतू पिळून सूत व्हावं तसे त्यांचे लांबच लांब धागे तयार होतात. हे धागे पेशीला आतून ताणतात. मऊ, लवचिक पेशी ताठ आणि वाकडी होते, केसाहून बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. अडकली की पुढच्या हाडाला, प्लीहेला, मेंदूला रक्त मिळत नाही. मूल रात्रभर हाडं दुखतात म्हणून रडतं. निरोगी लाल पेशी १२० दिवस जगते. ही जेमतेम १० ते २० दिवस.

हे अक्षर इथे टिकलं याचं कारण जंगल आणि मलेरिया. आई आणि वडील या दोघांकडून बदललेलं जनुक आलं तर मूल सिकलसेलग्रस्त होतं. एकाकडूनच आलं तर ते वाहक असतं, सहसा ठणठणीत राहतं, शिवाय घातक मलेरियापासून त्याला बरंचसं संरक्षण मिळतं. हे ॲन्थनी ॲलिसननं १९५४ साली पूर्व आफ्रिकेत दाखवून दिलं. ज्या रानात मलेरियानं लहान मुलं दगावत, तिथे वाहक मुलं जगली, मोठी झाली, त्यांचे संसार झाले. ज्या जनुकानं आज एका मुलाला छळलंय, त्यानंच त्याच्या कितीतरी पूर्वजांना वाचवलंय. विदर्भात हा आजार आहे हे वैद्यकीय जगाला कळलं ते १९५८ साली, नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये त्याची नोंद केली तेव्हा.

आता गोळीची गोष्ट.

१९२८ साली लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापड गिरण्यांतल्या कामगार बायकांना गरोदरपणात भयंकर रक्तक्षय होत होता. लाल पेशी कमी असत, पण असत त्या नेहमीपेक्षा मोठ्या. कित्येक जणी बाळंतपणातच जात. विल्सनं परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम सुरू केलं. आधी जंतू शोधले, सापडले नाहीत. मग या बायका काय खातात ते पाहिलं. प्राण्यांवर प्रयोग केले, आणि अखेर मार्माइट नावाच्या यीस्टच्या स्वस्त अर्कानं गुण येतो असं तिला दिसलं. मरणाच्या दारातल्या बायका काही दिवसांत उठून बसल्या. अर्कात नेमकं काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून कित्येक वर्षं त्याला नुसतं ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. पुढे १९४१ साली अमेरिकेत चार टन पालकातून तो पदार्थ वेगळा काढण्यात आला. तेच फॉलिक ॲसिड. नव्या पेशीला आपला डीएनए बांधायला ते लागतंच लागतं.

मग आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव कथेत येतात. अमेरिकेच्या लेडर्ली कंपनीत त्यांच्या नेतृत्वाखाली फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार झालं. बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर नावाचे डॉक्टर त्या वेळी रक्ताच्या कर्करोगानं मरणारी मुलं पाहत होते. ल्युकेमिया झालेलं मूल तेव्हा काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जायचं. फॉलिक ॲसिडनं रक्त सुधारतं तर या मुलांनाही देऊन पाहू, म्हणून फार्बरनी त्याच जातीची संयुगं दिली. झालं उलटंच. कर्करोगाच्या पेशी जास्त जोमानं वाढल्यासारखं दिसलं.

या क्षणाचं मला सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं. दुसरा कुणी असता तर त्यानं हात टेकले असते. फार्बरनी विचार केला, हे खत घातल्यानं रोग वाढतो, तर मग याची वाट अडवली तर? फॉलिक ॲसिडसारखा दिसणारा, पेशीला फसवणारा, पण कामाला न येणारा रेणू हवा होता. तो सुब्बारावांच्या चमूनं दिला, ॲमिनोप्टेरिन. फार्बरनी तो १६ मुलांना दिला, त्यातल्या १० जणांची प्रकृती काही काळ सुधारली. जून १९४८ मध्ये या प्रयोगाचा निबंध छापला गेला. त्या ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेले. ती सुधारणा टिकली नाही, रोग परतला. पण औषधानं लहान मुलांचा ल्युकेमिया मागे हटू शकतो हे माणसाला पहिल्यांदा दिसलं. ॲमिनोप्टेरिनचं भावंड मेथोट्रेक्सेट आजही लहान मुलांच्या ल्युकेमियाच्या उपचारांत आहे, मुंबईच्या टाटा हॉस्पिटलातसुद्धा. सधन देशांत आज या आजाराच्या दहापैकी जवळजवळ नऊ मुलं जगतात.

म्हणजे एकाच रेणूची दोन टोकं. ल्युकेमियाच्या मुलाला त्याची वाट अडवून वाचवायचं. पांढरकवड्याच्या सिकलसेलच्या मुलाला तोच रेणू रोज पुरवायचा. या मुलाच्या पेशी भराभर मरतात, त्यामुळे अस्थिमज्जा दिवसरात्र नव्या पेशी घडवत असते आणि फॉलिक ॲसिडचा साठा भराभर संपतो.

कॅप्सूलची गोष्ट याहून विलक्षण आहे. तिचं मूळ एका बारीक निरीक्षणात आहे. सिकलसेलचं बाळ पहिले काही महिने अगदी निरोगी दिसतं. मग सहाव्या महिन्याच्या आसपास कधीतरी त्याची बोटं सुजतात, ताप येतो, प्लीहा वाढते. १९४८ सालीच न्यूयॉर्कच्या जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरनं याचं कारण सुचवलं. गर्भात बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. आईच्या रक्तातून प्राणवायू ओढून घेण्यात ते तरबेज असतं. जन्मानंतर शरीर हळूहळू ते बनवणं थांबवतं आणि मोठ्यांचं हिमोग्लोबिन बनवू लागतं. जोवर गर्भातलं हिमोग्लोबिन पुरेसं आहे, तोवर धागे बनत नाहीत. कारण ते मध्ये येऊन धागा तोडतं. त्याचं जनुक कुठेही गेलेलं नसतं. मोठ्या माणसाच्या रक्त घडवणाऱ्या पेशींत ते जन्मभर शाबूत असतं, फक्त बंद.

ते पुन्हा कसं उघडायचं?

हायड्रॉक्सीयुरिया जर्मनीत १८६९ साली तयार झालं होतं आणि जवळजवळ शंभर वर्षं त्याचा कुणाला फारसा उपयोग नव्हता. १९६० च्या दशकात ते कर्करोगाचं औषध झालं. पेशीला डीएनए बांधायचा कच्चा माल मिळू न देणं हे त्याचं काम, म्हणून मोठ्यांच्या क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात ते वापरलं जाई. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्करोगाचंच दुसरं एक औषध बबून माकडांना दिल्यावर त्यांच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन परत दिसू लागलं. १९८४ साली हायड्रॉक्सीयुरियानं सिकलसेलच्या माणसांतही तेच घडवून आणलं. १९९५ साली २९९ प्रौढ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले: तीव्र दुखण्याचे झटके जवळजवळ निम्म्यावर. कर्करोगाच्या औषधानं माणसाच्या रक्तात त्याचं स्वतःचं बाळपण जागं केलं होतं!

विदर्भाची इथे स्वतःची एक गुंतागुंत आहे. भारतीय सिकलसेल रुग्णांच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन मुळातच आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा बरंच जास्त असतं. त्यामुळे इथला आजार सौम्य, असा समज पसरला होता. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं मुलं तपासली, आणि त्यातली बरीच मुलं मुळीच सौम्य आजारी नव्हती. मग त्यांनी हायड्रॉक्सीयुरियाच्या कमी मात्रेचा प्रश्न हाती घेतला. वजनाच्या दर किलोला १० मिलिग्रॅम एवढी ठरावीक, कमी मात्रा दिली तर? २०१२ साली त्यांनी निष्कर्ष मांडले: एवढ्यानेही गंभीर आजारी मुलांचे झटके खूप कमी होतात. पोडावरच्या मुलासाठी याचा अर्थ फार मोठा आहे. मात्रा कमी तर पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका कमी, आणि रक्ततपासणीला दर पंधरवड्याला शहर गाठायची सक्तीही कमी.

रक्ताच्या कर्करोगाचं ऋण इथे संपत नाही. १९८४ साली अमेरिकेत मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयातल्या एका आठ वर्षांच्या मुलीची हकिगत प्रसिद्ध झाली. तिला सिकलसेल होता, वर ल्युकेमियाही झाला. ल्युकेमियासाठी तिच्यावर अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण केलं, आणि तिचा सिकलसेलसुद्धा गेला. हा आजार कायमचा बरा होऊ शकतो हे त्या मुलीमुळे कळलं.

त्यानंतर २००८ साली बीसीएल११ए हे जनुक गर्भातल्या हिमोग्लोबिनला बंद करून ठेवतं हे उघड झालं, आणि २०२३ च्या अखेरीस जनुकात नेमकी काटछाट करणाऱ्या क्रिस्पर तंत्रानं नेमकी तीच खिटी मोडणाऱ्या उपचाराला ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. रुग्णाच्या मूळ पेशी बाहेर काढायच्या, दुरुस्त करायच्या, परत सोडायच्या. पण त्या आत रुजायच्या तर आधी जुनी मज्जा रिकामी करावी लागते, आणि त्यासाठी जे बुसल्फान देतात तेही १९५० च्या दशकातलं ल्युकेमियाचं औषध.

दिल्लीच्या ‘आयजीआयबी’ संस्थेनं स्वतःचं क्रिस्पर तंत्र उभं केलं आहे. ते पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवलं गेलं असून उपचाराला बिरसा मुंडांचं नाव दिलं आहे. पांढरकवड्याहून जवळच, चंद्रपुरात, हिमोग्लोबिनच्या आजारांवरचं आयसीएमआरचं संशोधन केंद्र डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झालं. हे सगळं पोडापर्यंत पोचायला वेळ लागेल. त्याआधीचा प्रश्न अगदी साधा, पण निकडीचा आहे: कॅप्सूल सहसा ५०० मिलिग्रॅमची मिळते, आणि दोन वर्षांच्या, दहा किलोच्या मुलाला त्यातले शंभरच मिलिग्रॅम हवे असतात.