कंटाळवाण्या इमारतींची दिवाळी

दिवाळीच्या आठवड्यात ठाणे, कल्याण किंवा पिंपरी-चिंचवडमधल्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलासमोर रात्री उभं राहावं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ‘यंदा सगळ्यांचे कंदील एकाच रंगाचे’ असा ठराव झालेला असतो आणि बारा मजल्यांवर केशरी ठिपके ओळीनं लागलेले दिसतात. मधेच एखादी गॅलरी काळोखी, कारण मंडळी गावी गेलेली. पलीकडे कुणीतरी ठराव धाब्यावर बसवून निळी चांदणी टांगलेली. दिवसा या इमारतीकडे कुणी मान वळवून बघत नाही. पण ठिपक्यांच्या रांगोळीला जे आधी लागतं, ते समान अंतर तिच्याकडे आयतं असतं.

युरोप-अमेरिकेतल्या काही विद्यार्थ्यांना गेल्या तीस वर्षांत हीच गोष्ट दिसली. प्रत्येक खिडकीत एक दिवा ठेवायचा आणि सगळ्या दिव्यांची सूत्रं एका संगणकाच्या हाती द्यायची. मग खिडकी म्हणजे एक ठिपका, आणि इमारत म्हणजे पडदा.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट तंत्रज्ञान विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी विभागाची इमारत आहे. 1969 मध्ये उघडलेली, सुमारे 90 मीटर उंचीची, सरळसोट. 1995 मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी या इमारतीचे 15 मजले दिव्यांनी भरले आणि त्यावर टेट्रिस खेळून दाखवला. पुढे बराच काळ जगातला सर्वांत मोठा टेट्रिस म्हणून त्याचं नाव घेतलं जात होतं. एप्रिल 2000 मध्ये अमेरिकेत प्रॉव्हिडन्स शहरातल्या ब्राउन विद्यापीठाच्या ‘टेक्नॉलॉजी हाउस’मधल्या विद्यार्थ्यांनी 14 मजली विज्ञान ग्रंथालयावर तोच घाट घातला. सामानाची यादी वाचली की गणपतीच्या देखाव्याची तयारी आठवते: हातानं बनवलेले 11 सर्किट बोर्ड, बारा मजल्यांवर फिरवलेल्या तारा, लिनक्सवर चालणारा एक साधा संगणक, बिनतारी कंट्रोलर आणि नाताळच्या माळांतले 10 हजारांहून अधिक दिवे. प्रकल्पाचं नाव ‘ला बास्तिय’. काही मैलांवरून तो दिसायचा. अ‍ॅपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक निव्वळ हा खेळ खेळण्यासाठी विमानानं तिथं आले होते.

प्रत्येक वेळी टेट्रिसच का? नव्वदच्या दशकात ज्यांच्या हातात जत्रेतला ‘ब्रिक गेम’ होता, त्यांना हे सांगायला नको. अलेक्सेई पाजित्नोव यांनी 1984 मध्ये मॉस्कोत हा खेळ रचला. त्याचं मैदान उभट, रुंदीला दहा आणि उंचीला वीस घरांचं. प्रत्येक तुकडा चार चौकोनांचा. तो वरून खाली पडतो. उंच, अरुंद आणि चौकोनी खिडक्यांच्या इमारतीसाठी याहून सोयीचा खेळ शोधून सापडायचा नाही. शिवाय दहाव्या मजल्यावरून तुकडा खाली येताना दिसला की पडणं खरं वाटतं. हातातल्या खेळण्यात ते वजन नसतं.

कलेच्या भाषेत याला स्थळनिष्ठ मांडणशिल्प म्हणतात, म्हणजे त्या एका जागेसाठी घडवलेलं आणि तिथून हलवलं तर अर्थ हरवणारं काम. या मुद्द्यावरून सर्वांत गाजलेला वाद न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझामध्ये झाला. शिल्पकार रिचर्ड सेरा यांनी 1981 मध्ये तिथं ‘टिल्टेड आर्क’ ही सुमारे 120 फूट लांबीची पोलादी भिंत उभी केली. रोज तिला वळसा घालून जावं लागणारे कर्मचारी चिडले आणि प्रकरण कोर्टात गेलं. हे काम दुसरीकडे नेणं म्हणजे ते नष्ट करणं, अशी सेरा यांची भूमिका होती. 1989 मध्ये भिंतीचे तुकडे करून ती काढली गेली. खिडक्यांचे पडदे उभारणारी मुलं या वादात कधी सापडली नाहीत, कारण त्यांनी जागेत नवं काही उभंच केलं नाही. जे होतं तेच पेटवलं.

या प्रकाराला जगभर नाव मिळवून दिलं ते मात्र बर्लिनच्या हौशी संगणकवाल्यांनी. केऑस कम्प्युटर क्लब या जर्मन संघटनेला 2001 मध्ये वीस वर्षं पूर्ण होत होती. अलेक्झांडरप्लाट्झ या चौकात ‘हाउस डेस लेहरर्स’, म्हणजे शिक्षक भवन, आहे. पूर्व जर्मनीच्या काळात, 1964 मध्ये, वास्तुविशारद हेर्मान हेन्झेलमान यांनी बांधलेलं. 2001 मध्ये ते दुरुस्तीच्या प्रतीक्षेत रिकामं पडलं होतं. क्लबच्या मंडळींनी वरचे आठ मजले धरले. मजल्यागणिक 18 खिडक्या, एकूण 144. काचा आतून पांढऱ्या रंगवल्या आणि प्रत्येक काचेमागे एक दिवा लावला.

हा पांढरा रंगच सगळ्या कामाचं मर्म आहे. नुसता दिवा ठेवला तर लांबून फक्त एक झगझगीत बिंदू दिसतो, खिडकी दिसत नाही. प्रकाश काचभर पसरला पाहिजे. आपल्या आकाशकंदिलात जिलेटीन किंवा पतंगाचा कागद जे काम करतो, ते तिथं रंगानं केलं.

12 सप्टेंबर 2001 ते 23 फेब्रुवारी 2002 या काळात ‘ब्लिंकेनलाइट्स’ नावाचा हा पडदा रोज संध्याकाळी पेटत होता. चौकात उभा असलेला कुणीही मोबाइलवरून एक नंबर फिरवून भिंतीवर ‘पाँग’ हा जुना व्हिडिओ गेम खेळू शकत होता. दुसरा खेळाडू नसेल तर समोर संगणक असायचा. घरी बसून छोटं हलतं चित्र तयार करता येत असे आणि तेही इमारतीवर झळके. शिवाय प्रेमपत्रंही झळकवता येत. मजकूर पाठवला की एक संकेतांक मिळायचा. आपल्या माणसाला चौकात न्यायचं, फोन लावायचा, संकेतांक दाबायचा, आणि आठ मजले उंचीचं पत्र समोर. 

पुढच्याच वर्षी याच गटानं पॅरिसमध्ये राष्ट्रीय ग्रंथालयाच्या एका मनोऱ्यावर 520 खिडक्यांचा पडदा केला, तोही प्रत्येक दिव्याच्या आठ छटांसह. 2008 मध्ये टोरोंटोच्या सिटी हॉलवर 960 खिडक्या पेटल्या. तरीही गोष्ट सांगताना लोक बर्लिनच्या त्या 144 खिडक्यांचीच सांगतात.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत, ‘हॅक’ या शब्दाला वेगळाच मान आहे. रात्रीतून, नाव न सांगता, कुणाला इजा किंवा कशाची मोडतोड न करता केलेली अफाट करामत म्हणजे हॅक. तिथल्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या एका इमारतीकडे डोळा लावून होत्या. आय. एम. पेई यांनी आखलेली, 1964 मधली, 21 मजली ‘ग्रीन बिल्डिंग’. ती हिरवी नाही, हे नाव देणगीदार सेसिल ग्रीन यांचं. बांधली तेव्हा खालच्या मोकळ्या कमानीतून वारा असा सुसाटायचा की दारं उघडेनात. शेवटी फिरती दारं बसवावी लागली. अशा या करड्या मनोऱ्याच्या एका बाजूला वापरण्याजोग्या 9 स्तंभांत आणि 17 ओळींत, म्हणजे 153 खिडक्या. हे प्रमाण टेट्रिसच्या मैदानाच्या इतकं जवळचं आहे की ‘ग्रीन बिल्डिंगवर टेट्रिस’ ही तिथल्या मुलांच्या लेखी सर्वांत मानाची करामत ठरून गेली होती. 1993 च्या 4 जुलैला याच खिडक्यांवर संगीताच्या चढउतारानुसार दिव्यांचे खांब नाचवून झाले होते. टेट्रिस मात्र राहून गेला होता.

तो योग 20 एप्रिल 2012 च्या रात्री आला. नव्यानं प्रवेश मिळालेले विद्यार्थी आवार बघायला आले होते, तोच मुहूर्त साधला गेला. प्रत्येक खिडकीत बिनतारी चालणारे रंगीत एलईडी. समोरच्या मोकळ्या जागेत एक छोटा चौथरा आणि त्यावर खेळाची बटणं. येईल त्यानं खेळावं. पहिली पातळी पार झाली की रंग फिकट होत जात आणि तुकडे ओळखणं अवघड होई. त्यापुढे तर तुकडा पडता पडताच रंग बदलायचा. खेळाडू हरला की उरलेले सगळे चौकोन कोसळून तळाशी जात. रांगेत थांबलेल्यांनाही तेवढाच तमाशा.

जर्मनीतल्या किल शहराच्या विद्यापीठात गोष्ट आणखी पुढे गेली. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या उंच इमारतीचा ‘लाइटहाउस’ केला. 14 मजले, मजल्यागणिक 28 खिडक्या, एकूण 392. प्रत्येक खिडकीला लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी एकेक आकडा, म्हणजे एका चित्राला 1,176 आकडे पुरतात. मोबाइलवरचा साधा फोटोही याच्या कित्येक पट मोठा असतो. त्यामुळे प्रोग्रॅमिंग नुकतं शिकलेला विद्यार्थीसुद्धा या इमारतीसाठी खेळ लिहू शकतो. घरच्या संगणकावर इमारतीची प्रतिकृती उघडून तो आधी तपासून बघायचा, मग खऱ्या भिंतीवर.

पोलंडमधल्या व्रोत्सवाफच्या विद्यार्थ्यांनी अडचण मोठी निवडली. त्यांचा पडदा म्हणजे विद्यार्थ्यांचं वसतिगृह. ‘शक्तिशाली, अनुक्रमित, खिडक्यांचा पडदा’ अशा भारदस्त पोलिश नावाची आद्याक्षरं जोडली की ‘पिवो’ होतं, आणि पोलिश भाषेत पिवो म्हणजे बिअर. विनोद सोडला तर काम नाजूक आहे. ग्रंथालयाच्या किंवा कार्यालयाच्या खिडक्यांमागे रात्री कुणी नसतं. वसतिगृहात प्रत्येक काचेमागे कुणीतरी झोपायला, अभ्यासाला किंवा भांडायला हजर असतं. त्या प्रत्येकानं आपल्या खोलीत दिवा ठेवू द्यायला हवा आणि ऐन वेळी आपला ट्यूबलाइट बंद ठेवायला हवा. एकानं विसरून बटण दाबलं की चित्राला भोक पडलं. तारा ओढणं एका आठवड्याचं काम. दारोदार जाऊन होकार मिळवणं हे खरं काम.

भारतात विद्यार्थ्यांनी कामासाठी अशीच कंटाळवाणी जागा मेट्रोच्या स्थानकांत शोधली. बंगळुरूच्या येलहंका या उपनगरात 1996 पासून असलेल्या सृष्टी या कला आणि रचना संस्थेनं तिथल्या मेट्रो महामंडळासह ‘आर्ट इन ट्रान्झिट’ हा उपक्रम सुरू केला. मेट्रोचा पीण्यापर्यंतचा टप्पा 1 मार्च 2014 ला खुला झाला आणि याच औद्योगिक उपनगराच्या स्थानकात विद्यार्थ्यांनी काम मांडायला घेतलं. नंतर मध्यवर्ती कब्बन पार्क स्थानकाचीही निवड झाली. मेट्रोची उन्नत स्थानकं एकमेकांसारखी असतात, हे पुण्या-मुंबईच्या प्रवाशांनाही आता माहीत आहे. सगळं राखाडी काँक्रीट, सगळं स्वच्छ, आणि कुठं उतरलो ते पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. अशा ठिकाणी कारखान्याच्या पाळीवर निघालेला माणूस क्षणभर थबकला, तरी त्या मुलांचं निम्मं काम झालं.

डेल्फ्ट, बर्लिन, एमआयटी या तिन्ही इमारती साठच्या दशकातल्या, प्रॉव्हिडन्सची सत्तरच्या सुरुवातीची. युद्धानंतर जगभर अशाच इमारती उठल्या: सरळ, काटकसरी, एकाच साच्यातल्या खिडक्यांच्या. त्यांना लोकांनी खोके म्हणून नावं ठेवली. नक्षीदार जुन्या वाड्यावर किंवा कमानीच्या चर्चवर टेट्रिस बसत नाही. तो बसतो खोक्यावरच.

मग आपल्याकडच्या खोक्यांवर काय बसेल? बारा मजले आणि मजल्यागणिक रस्त्याकडच्या आठ खिडक्या धरल्या तर 96 ठिपके होतात. रोमन अक्षराला रुंदीला पाच आणि उंचीला सात ठिपके पुरतात. देवनागरीचं तसं नाही. एक ओळ शिरोरेषेनं खाल्ली. तिच्यावर वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार यांना जागा हवी, खाली उकाराला हवी, आणि मधे उरलेल्या ओळींत ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे दिसायला हवेत. आठ मजल्यांच्या बर्लिनच्या पडद्यावर ‘शुभ दीपावली’ धड लिहिता आलं नसतं. बारा मजल्यांत जमेल, पण रुंदी आठच असल्यानं अक्षरं लोकल गाडीतल्या पाटीसारखी सरकत आणावी लागतील, एका वेळी एक.

एखाद्या अभियांत्रिकीच्या किंवा कला महाविद्यालयाच्या मुलांना हे करून बघायचं असेल, तर सुरुवात चौकटीच्या वहीपासून होते. समोरच्या फुटपाथवर उभं राहून खिडक्या मोजायच्या, झाडाआड जाणाऱ्या खोडायच्या, जिन्याच्या वेगळ्या आकाराच्या खिडकीचं काय करायचं ते ठरवायचं. एलईडी, वायफायवर चालणारे छोटे कंट्रोलर आणि ट्रेसिंग पेपर आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बाजारात सहज मिळतात. त्यानंतर सोसायटीची मीटिंग. 96 खिडक्यांमागच्या कुटुंबांना दोन रात्री घरातले दिवे मालवायला राजी करायचं, दुसऱ्या मजल्यावरच्या आजींची सीरियल किती वाजता असते ते विचारून घ्यायचं, आणि सेक्रेटरींच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर खिशात ठेवून जायचं: लाइटबिल कुणाच्या मीटरवर?