सुदान: पीक येऊनही उपासमार का?

उपासमार म्हटली की पाऊस पडला नसेल, असे आपण सहज धरून चालतो. सुदानला २०२४ मध्ये हे लागू पडत नव्हते. पाऊस चांगला झाला, ज्वारीचे उत्पादन आदल्या वर्षापेक्षा बरेच वाढले. तरी डिसेंबरमध्ये, ऐन सुगीत, आयपीसीने (अन्नटंचाईची तीव्रता पाच पायऱ्यांत मोजणारी आंतरराष्ट्रीय पद्धत) दारफुरमधील झमझम छावणीसह किमान पाच भागांत शेवटची पायरी नोंदवली. या पायरीसाठी पिकाची आणेवारी पाहत नाहीत. निदान २० टक्के कुटुंबांना अन्नाची पराकोटीची टंचाई, ३० टक्के मुलांत तीव्र कुपोषण (उंचीच्या मानाने वजन फार कमी) आणि उपासमारीने किंवा कुपोषण व आजार यांच्या एकत्रित परिणामाने दर १०,००० लोकांमागे रोज दोन मृत्यू, हे तिचे निकष.

धरण भरलेले असले तरी जलवाहिनी फुटली तर नळ कोरडाच राहतो. इथेही तसेच: ज्वारीचे मोठे क्षेत्र पूर्वेला गदारिफकडे, तर दारफुर थेट पश्चिमेला. एप्रिल २०२३ पासून मधे युद्ध आहे: रस्त्यांवर सशस्त्र नाके, दारफुरमधील अल फाशर शहराला २०२५ पर्यंत पडलेला वेढा, लुटलेले बाजार. विस्थापितांचे तर शेतही गेले आणि मजुरीही. समोर धान्य असले तरी ते घ्यायला पैसा नाही. म्हणून नुसत्या पीकवाढीच्या आकड्यावरून तिथल्या अन्नस्थितीचा अंदाज बांधणे चूक ठरते.