खसखस, बाटली आणि गोळी

धर्मापुरीच्या एका बैठकीत बोंडअळीचा विषय संपला, तसा मागे बसलेल्या एका तरुणाने विचारले, "साहेब, खसखस तर किराणा दुकानात उघड मिळते. मग रानात लावली तर बिघडले कुठे?" चारजण हसले. मला हसू आले नाही. २०१२ साली आपल्या परळी भागातच या पिकावर पोलिसांचे छापे पडले होते.

दिवाळीच्या अनारशाला लावतो त्या दाण्यात नशा नाही, हे खरे. नशा आहे ती हिरव्या बोंडाच्या चिकात. बोंडाला चिरा दिल्या की चीक पाझरतो. तो वाळला की अफू. पण "आम्ही दाण्यासाठी लावली" हे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यापुढे चालत नाही. लागवडीचे परवाने केंद्र सरकार मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागांतच देते. विनापरवाना लावणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. रान बटईने दिले असेल तर जास्तच डोळे उघडे ठेवा. आपल्या जमिनीत असे पीक आहे हे ठाऊक असूनही न कळवणारा मालकही गुन्हेगार ठरतो.

हीच अफू दुसऱ्या वाटेने घरात येते, ती मात्र आपल्याला ओळखू येत नाही. पूर्वी लेकरू झोपावे म्हणून त्याला अफू चाटवीत आणि आई खुरपणीला जाई. किती लेकरे त्यात उठलीच नाहीत, त्याची मोजदाद कोणी ठेवली? आज खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते; तेही अफूतलेच. पोरगा खोकला नसताना बाटली संपवू लागला, तर रागावण्याआधी लेबल वाचा. ट्रामाडोल ही दुखण्याची गोळी कारखान्यात बनते, पण शरीरात तिचे काम अफूसारखेच. २०१८ पासून तीही याच कायद्याखाली आली आहे.

दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी हे विशेष ऐकावे. फडात कंबर मोडते, दुसऱ्या दिवशी कोयता धरायचाच असतो. मुकादमाची उचल फेडायची असते. मग कोणीतरी गोळी देतो. आधी एकीने भागते, पुढे दोन लागतात, आणि न घेतली की अंग ठणकते, नाक गळते, जुलाब लागतात, झोप उडते. माणसाला वाटते, जुने दुखणेच उलटले. वर दारू पोटात गेली तर श्वास मंदावून माणूस झोपेतच जाऊ शकतो. दुखण्याच्या सगळ्याच गोळ्या अशा नसतात, पण साध्या गोळ्याही रोज घेतल्या तर मूत्रपिंड आणि पोट बिघडवतात.

सवय लागली असेल तर घरात कोंडून सोडवू नका. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाच्या सरकारी रुग्णालयात न्या, किंवा १४४४६ या मोफत क्रमांकावर विचारा. पोलिसांच्या भीतीने दडवू नका. थोडक्या मालासह सापडलेला व्यसनीही स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेऊन ते पुरे करत असेल, तर त्याला खटल्यातून सूट देण्याची तरतूद आहे.

त्या तरुणाला मी करडई सुचवली. त्याने लगेच भाव विचारला. त्याचे उत्तर माझ्याकडे तितके सोपे नव्हते.